निळा म्हणून शिवलेला तुकडा

सरूकाकींकडे शिवण शिकायला गेलेल्या बाईला पहिले आठ दिवस सुई मिळायची नाही. पडवीत बसायचं, कातरणाचं बोचकं सोडायचं आणि तुकडे निवडायचे. सुती एकीकडे, टेरिकॉट एकीकडे, साटीन आणि जरीचं काय असेल ते तिसरीकडे. बोटाएवढा तुकडासुद्धा टाकायचा नाही. नववीतली मुलगी असो नाहीतर घरात सून आलेली बाई, नियम तोच. कुणी कुरकुर केली की काकी म्हणायच्या, "कापडाची वळख नाय आणि सुई कित्याक होयी? बोटाक टोचून घेवक?"

मी गेले तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. माहेर कसालचं. हायवेवरचं गाव, बाजार, एसटीचे आवाज, दिवसभर माणसांची वर्दळ. तिथून मी मिठबावच्या अलीकडच्या एका वाडीत येऊन पडले, जिथे दुपारी माडाच्या झावळ्यांशिवाय काही हलत नाही. मी बी.कॉम. झालेली, नोकरी करायची मनात होती, आणि सासूबाईंनी मला चिंध्या जोडायला पाठवलं. "रिकामी बसलंस काय डोक्यात कायबाय येता. सरूकडे जा," एवढंच त्या म्हणाल्या. नवऱ्यानं मान डोलावली आणि तो बागेत निघून गेला. मला मनस्वी राग आला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या रागाचा मोठा वाटा आहे.

काकी तेव्हा पासष्टीच्या आसपास असतील. उंच, हाडकुळ्या, अंगावर कायम धुवट सुती साडी. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा विलास मुंबईला. त्याचा रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी तो तेच विचारायचा, मुंबईला कधी येतेस. काकींचं उत्तरही ठरलेलं, "थंय माका पडवी खंय गावतली?" डोळे मोठे आणि पाणीदार होते. बोलताना त्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, जरा कानाच्या बाजूला बघत. आम्हाला तो त्यांचा करारीपणा वाटायचा.

देवगडचे दोन शिंपी त्यांना कातरण पाठवायचे. पोतं एसटीतून यायचं. त्यात काय नसायचं! शाळेच्या गणवेशाच्या पट्ट्या, ब्लाउजच्या बाह्यांखालचे त्रिकोण, परकराच्या कडा, कुणाच्या तरी शालूचा हातभर काठ. लोक ज्याला केर म्हणतात त्यावर या बाईनं पंचवीस-तीस वर्षं वाडीतल्या मुलींना शिवण शिकवलं होतं. आधी चार चौकोन जोडून चुलीवरची भांडी उतरवायचं फडकं. मग पायपुसणं. मग बाजाराची पिशवी, उशीचा अभ्रा, आणि यातून जी टिकेल तिला दुपटं. फडक्यातून हात भाजला नाही आणि पिशवीतून कांदे सांडले नाहीत की पुढच्या इयत्तेत ढकलायचं.

एकदा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या. चांगलं तीन मीटर नवं कापड घेऊन. मला थेट ड्रेसच शिकवा म्हणाल्या. काकींनी कापड हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकला आणि घडी घालून परत दिलं.

"बरा आसा कापड. घरी ठेवा. नव्या कापडार शिकणारा माणूस कापडाक भिता. कात्री हातात घेतल्यान काय घाम फुटता. चिंधयेक कोण भिता?"

नर्सबाई हिरमुसल्या. पण दुसऱ्या दिवशी आल्या आणि गुपचूप तुकडे निवडत बसल्या. पुढे त्यांच्या हातचे अभ्रे आम्हा सगळ्यांपेक्षा सरस झाले, हे कबूल करायला हवं.

उसवणं हा काकींचा आवडता विषय. शिवण तिरकी गेली की त्या ओरडत नसत. शिवणीवरून बोट फिरवायचं, जिथे टाका चुकला तिथे नेमकं थांबायचं आणि कापड जिचं तिच्या मांडीवर परत टाकायचं. "उसव." एवढा एकच शब्द. उसवताना धागा तुटता कामा नये, तोच धागा पुन्हा वापरायचा. "उसवूक येणा नाय, तेका शिवूक येवचा नाय," हे त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा दिवस गेला नसेल. माझ्या वाट्याला हा शब्द इतरांपेक्षा जरा जास्तच यायचा.

आणि रंग. तुकडे जोडायच्या आधी त्या एकेक तुकडा वर धरायच्या आणि कुणालाही विचारायच्या, "सांग गो, ह्यो रंग कसलो?" लाल म्हणून भागायचं नाही. लाल खंयचो? कोकमाच्या सालीचो काय जास्वंदीचो? हिरवो कसलो, भाताच्या तरव्याचो काय फणसाच्या पानाचो? तोंडानं रंग नीट सांगता आला की मगच तो तुकडा जोडायला मिळायचा. "तोंडाक रंग येणा नाय तो हाताक कसो येतलो?" असं त्यांचं म्हणणं.

या परीक्षेत पहिला नंबर रतनचा. रतन सकाळी मासे विकायची आणि दुपारी आमच्यात येऊन बसायची. तिच्या लुगड्याला वास यायचा म्हणून मी दोन हात लांब बसत असे. काकींनी एक निळसर तुकडा वर धरला.

"निळो," रतन म्हणाली.

"निळो खंयचो?"

"बांगड्याच्या पाठीचो."

काकी खळखळून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. मग त्यांनी मुद्दाम एकामागून एक तुकडे उचलले आणि रतन सांगत सुटली. ह्यो पापलेटाच्या पोटाचो, ह्यो शिजलेल्या सुंगटाचो, म्हणजे कोळंबीचा, ह्यो तिसऱ्यांच्या शिंपल्याचो, आतल्या बाजूचो. शेवटी माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "लाइट पिंक."

"ता काय आसता?" काकींनी विचारलं.

सगळी पडवी हसली. रतन तर डोळे पुसायला लागली. मी घरी जाऊन त्या रात्री कुणाशी बोलले नाही. आज वाटतं, हसायला काय हरकत होती मलाही?

काकींच्या दुपट्यांचा वाडीत मान होता. मूल जन्मलं की पहिले काही दिवस त्याला नवं कापड घालायचं नाही, जुनेर घालायचं, ही रीत सगळीकडेच आहे. आमच्याकडे त्यापुढे एक होतं. बारशाला मुलाला घालायचं दुपटं पाच घरांच्या जुन्या लुगड्यांचं असायचं आणि मधला चौकोन काकी स्वतःच्या बोचक्यातून निवडून एकट्या बसून शिवायच्या, आणि घडी घातलेलं दुपटं थेट पाळण्याशीच उलगडायचं. पाच घरचा हात बाळाच्या पाठीवर असतो म्हणायचे. त्यात काळा धागासुद्धा चालायचा नाही. कुणाच्या लुगड्याला काळी किनार असली तर ती आधी काढून टाकायची. वाडीत तेव्हा दहावी-बारावीला असलेली सगळी मुलं काकींच्या दुपट्यात निजलेली होती.

एक दिवस मी लवकर गेले. ऊन डोक्यावर होतं आणि मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, अगदी काकींच्या समोर, चार पावलांवर उभी होते. त्या पडवीच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या, तोंड माझ्याकडे. मी काही बोलले नाही, त्या बोलतील म्हणून थांबले. त्या बोलल्या नाहीत. मग माझ्या बांगड्या वाजल्या आणि त्या दचकून म्हणाल्या, "कोण गो?"

माझ्या लक्षात आलं. रंगांची परीक्षा, कानाशी नेलेलं कापड, सुईत दोरा कायम दुसऱ्याकडून ओवून घेणं, सगळं एका क्षणात जुळलं. सरूकाकींना दिसत नव्हतं. आम्ही शिकत होतो असं आम्हाला वाटायचं, आणि त्या आमच्या तोंडून रंग बघत होत्या.

दुसरी कुणी असती तर तिला वाईट वाटलं असतं. मलाही वाटलं, पण आधी वाटला तो एक प्रकारचा आनंद. मला रोज उसवायला लावणाऱ्या बाईचं काहीतरी माझ्या हातात आलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, जपून ठेवलं.

त्यानंतर आठवडाभरानं सुमतीवहिनींच्या नातीचं दुपटं पडवीत आलं. सुमतीवहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या, पहिलंच नातवंड, त्यामुळे त्यांचा उत्साह विचारू नका. त्या दुपारी रतन आली नव्हती. आम्ही तिघीच होतो, आणि माझी पिशवी काकींनी चौथ्यांदा मांडीवर टाकली.

"बीकॉम झालंस मा गो? मगे पिशयेचा तोंड सरळ कित्याक येणा नाय?"

बाकीच्या दोघी हसल्या आणि पुन्हा खाली मान घालून टाके घालायला लागल्या. काकींनी खळ्यात वाळत घातलेले तुकडे ओच्यातून आणले होते. त्यातला एक मऊ पॉपलिनचा चौकोन उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"सांग गो कसालकारणी, ह्यो कसलो?"

तो काळा होता. कुठूनही बघितला तरी काळाच.

"गर्द निळो," मी म्हणाले.

"निळो खंयचो?"

"गोकर्णाच्या फुलाचो."

काकींनी तो तुकडा तळहातावर ठेवला, वरून दुसरा हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "नक्की मा?"

"होय."

त्यांनी तो दुपट्याच्या मधोमध ठेवला आणि टाचणी लावली.

उद्या सांगायचं असं मी ठरवलं होतं, देवाशपथ. उद्या सगळ्यांच्या देखत सांगायचं, थोडं हसू होईल, काकींना उसवावं लागेल, फिटंफाट. पण संध्याकाळी कसालहून फोन आला, आजीला बरं नव्हतं, आणि मी सकाळच्या एसटीनं माहेरी गेले. चार दिवसांनी परत आले तेव्हा बारसं होऊन गेलं होतं. त्या चार दिवसांत फोन करता आला असता. तो मी केला नाही.

सासूबाईंनीच मला सगळं सांगितलं. बाळाला पाळण्यात घालताना दुपटं उलगडलं आणि बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. मधोमध काळा चौकोन. ते बाजूला ठेवून बाळाला दुसरं घातलं. बाळ आधीपासून जरा पिवळसर होतंच, दुसऱ्या दिवशी ते जास्तच पिवळं पडलं. कावीळ. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. अशी कावीळ कितीतरी बाळांना होते, उतरते, आणि त्या बाळाचीही पाच-सहा दिवसांत उतरली. आज ती मुलगी शाळेत जाते आणि तिच्या पायांना जमीन माहीत नाही. पण तेव्हा हे कोण ऐकणार?

बाळ हॉस्पिटलात असतानाच सुमतीवहिनी काकींच्या पडवीत आल्या. आम्ही सगळ्या होतो, रतनसुद्धा. वहिनींनी दुपटं काकींच्या मांडीवर आपटलं.

"बारशाच्या दुपट्यात काळो तुकडो? डोळे फुटले काय गो तुझे, सरू?"

काकींनी दुपट्यावरून हात फिरवला. मधल्या चौकोनावर आला तसा तो थांबला.

"होय गो," त्या म्हणाल्या. "फुटले."

सुमतीवहिनींचं तोंड उघडंच राहिलं.

"दोन वर्षा झाली. साखरेच्या दुखण्यान डोळ्याचो पडदो खाल्ल्यान. उजेड समाजता, माणूस हाललो तर समाजता. रंग नाय दिसणत. ते मी ह्या चेडवांका इचारतंय."

"मगे ह्यो कोणी सांगल्यान तुका?"

आता माझं नाव येणार. मी काकींकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, अर्थातच. त्या वहिनींच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या.

"कोणी नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो इचारूकच इसरलंय मी."

तेव्हाच मी उठून बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मांडीवरची पिशवी उसवत बसले, ती नीट झाली होती तरी.

त्यानंतर पडवी ओस पडली. वाईट कुणीच बोललं नाही, उलट सगळे हळहळले. पण दिसत नाही ती काय शिकवणार, असं प्रत्येकीला घरच्यांनी सांगितलं. विलास आला आणि काकींना मुंबईला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी फार उशीर झाला म्हणून सांगितलं. दोन महिन्यांत काकी परत आल्या, पण त्यांनी पुन्हा सुई धरली नाही. नर्सबाई एकदा मुद्दाम सांगायला गेल्या, काकी, तुमचे हात आहेत ना, आम्ही येतो, तुम्ही फक्त बोट फिरवून सांगा. काकी म्हणाल्या, "पुरे झाला." कातरणाचं पोतं आलं ते त्यांनी तसंच परत पाठवलं. रतन तेवढी रोज जायची, दोन वेळचं जेवण करून द्यायची. ज्या रतनच्या वासानं मी लांब बसत होते, त्या रतननं शेवटपर्यंत केलं.

आम्ही सावंतवाडीला बिऱ्हाड केलं. मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. माझी मुलगी झाली तेव्हा मी दुकानातून दुपटं आणलं, सशांचं चित्र असलेलं. सासूबाईंनी ते बघितलं आणि घडी घालून ठेवलं. दर सुट्टीत गावी गेलं की मी काकींना भेटायची. त्यांच्यासाठी खाजा न्यायची, मुलीला पाया पडायला लावायची. त्या विचारपूस करायच्या. बोलू बोलू म्हणत मी परत यायची. असं सहा वर्षं चाललं.

मागच्या मे महिन्यात मी ठरवून एकटीच गेले. काकी पडवीत बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि बसल्याबरोबर सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"काकी, तो तुकडो निळो म्हणान मीच सांगलंय होता. काळो आसा ता माका दिसत होता. मी मुद्दाम सांगलंय."

आत रतन भांडी घासत होती.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या.

"मी सांगलंय ता तुमच्या ध्यानात रवला, होय?"

"ता म्हणणंय नाय मी. काळो आसा ता माका तेवाच समाजला होता." त्यांनी तळहात उघडून मांडीवर ठेवला. "उनातसून हाडलेलो तुकडो तो. निळो तापता, पण काळो चावता हाताक. हातान माका सांगल्यान, काळो म्हणान."

"मगे शिवलात कित्याक?" मी विचारलं.

"तू निळो म्हटलंस मा," काकी म्हणाल्या, जणू मी काहीतरी भलतंच विचारत होते. "मी म्हटलंय, हात म्हातारो झालो आसतलो. चेडू कित्याक खोटा सांगात? तिचा नि माझा काय वैर आसा?"

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही आणि डोक्यावरून हातही फिरवला नाही.

"मगे सुमती इली," त्या म्हणाल्या. "हात खरो निघालो. तेचा माका बरा वाटूक होया होता. पण हात एकटो खरो आसान काय करूचा गो? हिरवो नि तांबडो उनात सारकेच तापतत. ते तुमीच सांगूक होये. त्या दिसापासून कोणी कायव सांगला तरी माका वाटी, ह्या खरा आसात काय? तसा बसान शिवूक होणा नाय."

पडवी ओस पडली म्हणून, वय झालं म्हणून, डोळे गेले म्हणून काकींनी शिवण सोडलं असं मी सहा वर्षं स्वतःला समजावत होते. यातलं काहीच खरं नव्हतं.

"माका माफ करा, काकी."

"तू बरी आसंस मा? चेडू बरा आसा?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. परक्या माणसाला विचारावं तसं, नीट, सौजन्यानं.

आतून रतननं हाक मारली, "काकी, जेवान वाढलंय, येवा."

काकी कठड्याला धरून उठल्या. मी घाईनं उभी राहिले आणि त्यांच्या हाताला हात दिला. त्यांनी तो चाचपला, कुणाचा आहे ते ओळखलं आणि हळूच बाजूला केला.

"रवांदे," त्या म्हणाल्या. "माझी मी जातंय."

एक हात भिंतीला लावून त्या चालू लागल्या. दाराच्या उंबऱ्याशी थांबल्या, पायानं तो शोधला, आणि वाकून आत गेल्या.